पाढे विचारणारे चनबसप्पा

चंद्रिकाला बघायला अक्कलकोटचे पाहुणे आले, मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला आणि बैठक अगदी रंगात आली असताना चनबसप्पांनी नवऱ्या मुलाला विचारलं, "सतरा सक?"

प्रभु बँकेत कामाला. तो आधी हसला. म्हातारा हसत नाही हे बघून त्याचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला.

"मोबाईल न्हाय, तोंडानं. येत नसंल तर सतरा एके सतरापासनं धर की."

प्रभु सतरा त्रिकपर्यंत जाऊन घामाघूम झाला. त्याचा मामा उठलाच. "आमी मुलगी बघायला आलोय का परीक्षेला?"

चंद्रिकाची आई अक्कम्मा हिच्या घरात कर्ता पुरुष नाही, म्हणून शेजारच्या चनबसप्पांना मानानं बसवलं होतं. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "अण्णा, लई उपकार झाले. आता हा उंबरा चढू नका."

झालं! बायको नागव्वा कधीच गेलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळचा चहा आणि चार शब्द मिळायचे ते याच घरात.

कुणी म्हणेल, माणूस खवचट. तसं नव्हतं. चनबसप्पांची उभी हयात चादरीच्या कारखान्यात गठ्ठे बांधण्यात आणि ते पाढ्यानं मोजण्यात गेली. बोलायला सुरुवात कशी करायची, हे तिथं कुणी शिकवलं नाही. "जेवलात का?" विचारलं, की समोरचा "व्हय" म्हणून चालू लागतो. पाढ्याचं तसं नाही. माणूस अडतो, एकेपासून धरतो आणि दाहेपर्यंत का होईना, जवळ थांबतो. पण गल्ली हुशार. त्यांना लांबून बघूनच दुसरा बोळ धरायची.

मग ते कट्ट्यावर बसून गाड्यांचे नंबर बघत. पंचेचाळीस सत्तावीस, आकड्यांची बेरीज अठरा. "नवाच्या पाढ्यातला," ते मोठ्यानं सांगत. गाडी काही थांबायची नाही.

एकदा चंद्रिकाच कट्ट्यापाशी आली. "असं का केलं, अण्णा? मला आवडला होता तो."

चनबसप्पांची मान खाली गेली.

"फोन करा आणि माफी मागा. हा घ्या नंबर."

'माफ करा' हे दोन शब्द त्यांनी दिवसभर घोकले. पलीकडून "हॅलो" आलं आणि तोंडातून निघालं, "जेवलात का?"

"कोण बोलतंय?"

"मी... सतरा सकवाला."

प्रभु खो खो हसला. "एकशे दोन, काका! ती समोर बसलेली, कसं आठवणार? रागावली न्हाय ना ती?"

"न्हाय. तिनंच तर फोन करायला लावला."

"मग मामाचं मी बघतो!" म्हणत त्यानं फोन ठेवलासुद्धा. माफी राहिलीच. चनबसप्पांनी पुन्हा लावला, तर लाईन बिझी. भिंतीपलीकडे चंद्रिका हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती.

रविवारी पाहुणे परत आले. शेजारी कपबशा वाजल्या, मामाही हसला. चनबसप्पा धुतलेला सदरा घालून खाटेवर बसून होते. हाक आली नाही. निरोप घेण्याचा गलबला ऐकून ते उठले, पायानं चप्पल चाचपू लागले. एक सापडली. दुसरी खाटेखालून ओढून काढेपर्यंत गाडी गल्लीच्या टोकाला वळली होती.