अँबॅसिडरच्या पॅकिंगसाठी वऱ्हाडात

नाशिक रोडला रेल्वेत बसले तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोड कपडे आणि पान्यांचा एक संच होता. परतीचा प्रवास रेल्वेने करायचाच नव्हता. चांदूर बाजारजवळच्या एका संत्राबागायतदारांकडची पांढरी, गोल दिव्यांची अँबॅसिडर मी विकत घेणार होते आणि ती स्वतः चालवत नाशिकला आणणार होते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शाळा सुटली की माझा जीव जुन्या गाड्यांत रमतो. "पन्नाशीनंतर लोक काशीला जातात," एवढंच माझा नवरा विनय म्हणाला आणि पिशवी उचलून द्यायला आला.

व्यवहार फोनवरच ठरला होता. शब्द दिला-घेतला गेला होता. गाडीच्या मालकांची, देवरावकाकांची, अट एकच होती. "गाडी आपल्या पायानं जाईन. ट्रकवर चढवून न्यायची असन तर येऊच नका."

बडनेऱ्याला उतरून अमरावती, तिथून एसटीने चांदूर बाजार. डिसेंबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) पांढरी फुटली होती, बायका कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. चांदूर बाजार मागे पडलं तशी कपाशी कमी होत गेली आणि संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. काकांचं घर बागेला लागूनच होतं. दारात गाडी उभी, धुऊन पुसून, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं.

काका सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्यावर पांढरी टोपी. मी नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तरीनबाई, तुमचा पाय पोचते काय क्लचले?" आमच्याकडे असं कुणी पाहुण्याला विचारत नाही. पण प्रश्न बरोबर होता. मी बसून दाखवलं. पाय पोचत होता, जेमतेम.

"अन् ट्रकवर न्यायला नको, ते काहून?" मी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला. काकू दारातून हसल्या.

काका हसले नाहीत. "आमच्या इथं बैल इकला तरी तो दारातून चालत जाते. उचलून नेतेत ते मेलेल्याले."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गावातून अगदी गुणी पोरीसारखी चालली. पण परतवाड्याच्या रस्त्याला लागून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि ती घुसमटली. धाप लागल्यासारखे आचके, मागे काळा धूर. पाय उचलला की पुन्हा शहाणी. बैलगाडीच्या जरा पुढे, एवढाच तिचा वेग. असं नाशिक गाठायचं तर मला वाटेत निवृत्ती आली असती.

"अकरा वर्षं झाले, अशीच हाय," काका शेजारच्या सीटवरून रस्त्याकडे पाहत म्हणाले. "वय झालं तिचं. आपल्या डोयासमोर बंद पडू नये म्हनून देऊन राहिलो. तुमी तिचं काई करू शकान, असं वाटलं."

ती गाडी त्यांनी स्वतः घेतलेली. तिच्यातून संत्र्याचे नमुने घेऊन ते बाजारात जायचे, पोरीला कॉलेजला सोडायचे. हे सगळं काकूंनी रात्री जेवताना सांगितलं. पातोडीची भाजी होती, म्हणजे बेसनाच्या वड्या तिखट रश्श्यात, आणि ज्वारीची भाकर. मला ठसका लागला. काकूंनी ताकाचा पेला पुढे सरकवला.

सकाळी मी बॉनेट उघडलं. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. त्याला दोन तोंडं: एक इंजिनाकडचं, एक हवा आत येते त्या जाळीच्या डब्याकडचं. लोखंडाला लोखंड नीट चिकटत नाही, म्हणून जोडावर एक चपटी चकती घालतात. पुस्तकात तिला गास्केट म्हणतात, वऱ्हाडात सगळे पॅकिंग म्हणतात. इंजिनाकडचं पॅकिंग सुकून कडेला फाटलं होतं. तिथून फुकटची हवा आत शिरत असणार. निदान झालं! मी वर्गात उत्तर सापडलेल्या पोरासारखी खूश झाले आणि जुना तुकडा कागदात गुंडाळून अमरावतीची एसटी पकडली.

अमरावतीच्या दुकानदाराने काउंटरवर तीन पॅकिंग मांडली. एक पातळ कागदी, एक जाड तंतूंचं, एक बुचाचं. आकार तिन्हींचा सारखाच.

"यातलं कोनतं?" मी विचारलं.

"तिन्ही बसतेत नं, बाप्पा."

"बसतात हो, पण बरोबर कोणतं?"

त्याने खांदे उडवले. "तुमी शिकलेल्या दिसता, तुमीच सांगा."

आता ही माझी परीक्षा होती. बुचाचं गरम जागी टिकणार नाही. कागदी फारच पातळ, लोखंडाचं तोंड जरा वाकडं असलं तर फट राहणार. मी जाडी मोजायचं माप काढलं, जुना तुकडा मोजला, तंतूंचं उचललं. दुकानदार शेजाऱ्याला म्हणाला, "पाह्य, सोनं घेतल्यासारखं घेऊन राहिली." मला राग येण्याऐवजी बरं वाटलं. त्या आनंदात चौकात गिला वडा (दह्यात भिजलेला वडा) दोन प्लेट खाल्ला.

संध्याकाळी काकांनी आणि मी मिळून पॅकिंग बसवलं. गाडी सुरू झाली, आवाजही थोडा साफ आला. रस्त्यावर नेली, पाय दाबला, आणि तेच आचके, तोच धूर. मी स्टेअरिंगवर हात आपटला. काकांनी माझी समजूत घातली, "जाऊ द्या. म्हातारपनाले पॅकिंग नसते." हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की मला जास्तच वाईट वाटलं.

रात्री त्यांनी आठवून सांगितलं की अकोल्याला जुन्या शहरात रशीद मिस्त्री आहेत. आयुष्यभर याच गाड्या उघडल्या, आता दुकानात फक्त बसतात. दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर. काळी जमीन, तुरीची पिवळी फुलं, आणि एसटीत शेजारच्या बाईच्या मांडीवर वांग्यांची पाटी. "एवळ्या दूर कायले जाता?" तिने विचारलं. मी खरं सांगितलं. तिने ते मागच्या बाकावर सांगितलं आणि मूर्तिजापूरपर्यंत सगळ्या बसला माझ्या कार्बोरेटरची काळजी लागली.

रशीद मिस्त्री पांढऱ्या दाढीचे, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले. मी नवं पॅकिंग कसं निवडलं ते सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, निवडलं बराबर. पन बिमारी दुसरीच हाय." मग त्यांनी कपाटातून एक उघडा कार्बोरेटर काढून माझ्यासमोर ठेवला. "मी पॅकिंग पाहतच नाई आधी. भोकं मोजतो. मोजा."

मी इंजिनाकडचं तोंड मोजलं. मोठं एक, बोल्टची दोन.

"आता उलटवा. हवा येते तिकडून मोजा."

मोठं एक, बोल्टची दोन, आणि खाली दोन अगदी बारीक. मेंदीच्या कोनाचं टोक जाईल एवढी.

"या दोनातून आतला पिस्टन श्वास घेते. हे बंद असले तर तो वर उठत नाई, हवेची वाट उघडत नाई. गाडी हळू चालते, पळत नाई. तिकडल्या पॅकिंगले किती भोकं हायेत?"

मी ते पाहिलंच नव्हतं! तिकडचं पॅकिंग गुळगुळीत, धडधाकट होतं, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. काकांना फोन लावला. "ते? ते चांगलं हाय," ते म्हणाले. "ते म्या सोता कापलं. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या, जाड कागदाच्या. जुनं ठेवून आखून घेतलं."

"काका, जुन्याला खाली दोन बारीक भोकं होती का?"

"होती. म्या म्हटलं किडीनं पाडली. आमच्या संत्र्याले पतंग डंख मारते, अस्सेच भोकं पडतेत. नव्याले कायले पाडायची?"

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. रशीद मिस्त्री इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मोटारचे डॉक्टर पाहिले, घोड्याचे पाहिले. हा पहिला संत्र्याचा डॉक्टर!" मग त्यांनी एक जुना डबा पालथा केला आणि पाच भोकांचं पॅकिंग शोधून दिलं. उलटं बसवलं तर बारीक भोकं पुन्हा झाकली जातात, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून तीनदा लावून घेतलं. तिसऱ्यांदा मान हलवली आणि कचोरी मागवली.

परत पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. काकांनी लग्नपत्रिकेचं पॅकिंग काढून ओट्यावर ठेवलंच होतं. नवं बसवलं. मी किल्ली त्यांच्याच हातात दिली, म्हटलं, "तुम्ही पाहून या." फाटकाबाहेर पडताना गाडी जरा कुरकुरली. मग मोठ्या रस्त्यावरून एक आवाज आला, भरलेला, अखंड, न अडखळता वर चढत जाणारा. काकू हातातलं सूप खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"आता काई ते लवकर येत नाईत," त्या म्हणाल्या. "तुमी चहा घ्या."

खरंच लवकर आले नाहीत. आले तेव्हा टोपी खिशात होती आणि केस वाऱ्याने उभे. परतवाड्याच्या पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले होते. फडकं घेऊन गाडी पुसत बसले, स्वच्छ होती तरी. शेवटी उठले आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"घ्या. शब्द मंजे शब्द."

मी घेतली. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात दया वगैरे काही नव्हती. ती गाडी मला हवी होती, आणि बरी झाल्यावर तर दुप्पट हवी होती. मी बसले, सुरू केली. पायाखाली इंजिन असं मऊ घुमत होतं की अंगावर शहारा आला. अंगण ओलांडलं. आरशात काका दिसत होते. गाडी जाताना पाहायला नको म्हणून ते बागेकडे तोंड करून उभे राहिले होते. फाटकाशी मी थांबले आणि इंजिन बंद केलं.

"काका, मी ठरवली होती ती थकलेली अँबॅसिडर. ही ती नव्हे. ही विकायला काढली आहे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

ते वळले. "मंजे शब्द तुमी मोडून राहिल्या?"

"हो. मीच मोडतेय."

"म्या नाई?"

"तुम्ही नाही."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले, आणि किल्ली घेऊन टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बडनेऱ्याला सोडलं. वाटेत दोन ट्रक आणि एक एसटी मागे टाकली आणि दर वेळी माझ्याकडे पाहिलं. स्टेशनवर संत्र्यांची पेटी उतरवली, "पुढच्या बहाराले या," म्हणाले, आणि माझी रेल्वे यायच्या आत निघूनही गेले. त्यांना परत चालवत जायची घाई झाली होती, ते कळत होतं. प्लॅटफॉर्मवर बसून मी थोडी रडले. गाडी गेली म्हणून रडले, उगाच उदात्त कशाला सांगू! आजही रस्त्यात पांढरी अँबॅसिडर दिसली की मला त्या फाटकाशी थांबल्याचा पश्चात्ताप होतो, आणि तिच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला की होत नाही.

नाशिक रोडला विनय घ्यायला आला होता. पेटी पाहून तो माझ्या मागे पाहू लागला.

"गाडी कुठाय?"

"बरी झाली," मी म्हटलं.