न खणलेला दगड

माझी जिऑलॉजीची डिग्री नागपूरची. आमच्याकडे दगड जिथला तिथेच पडून असतो, निदान मी तरी तसंच धरून चाललो होतो. लीड्सच्या एका छोट्या कंपनीने मला स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, तांबं शोधण्यासाठी खडकांचा नकाशा करायला पाठवलं, तेव्हाही डोक्यात तेच. माझा व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर आणि बायकोचा माझ्यावर. तिला दोन वर्षांच्या खटपटीनंतर लीड्सच्या हॉस्पिटलात नुकतंच काम लागलं होतं, पण स्पॉन्सर करायला ते तयार नव्हते. म्हणजे माझी नोकरी गेली की दोघांनी बॅगा भरायच्या.

तिकडे मैलोन्मैल नुसता पीट, कुजलेल्या गवताचा काळा चिखल, आणि मधूनच खडकाचं डोकं वर आलेलं. खडक डोळ्यांनी पाहिला असेल तर नकाशावर सलग रेघ ओढायची, अंदाज असेल तर तुटक. पण आधी दगडाभोवती खणायचं. तो खालच्या खडकाचाच आहे की हिमयुगातल्या बर्फाने कुठूनतरी ओढत आणून टाकलाय, ते बघायचं. माझे सीनियर, साठीचे स्कॉटिश गृहस्थ, हे रोज बजावायचे.

एका दुपारी हिरवे डाग पडलेला खोलीएवढा धोंडा सापडला. हिरवे डाग म्हणजे तांबं. पाऊस चालू, चिलटांनी कान फोडून काढलेले. एवढा धोंडा कोण हलवणार, म्हटलं, आणि सलग रेघ ओढून मोकळा झालो. अरे, अर्ध्या तासाचं काम होतं ते! सीनियर खूश. माझ्या नकाशावर सही करून त्यांनी ड्रिलिंगची जागा पक्की केली.

मशीन यायला आठवडा राहिला आणि मला टोचणी लागली. एकटाच फावडं घेऊन गेलो. गुडघाभर खणल्यावर दगड संपला. खाली नुसती चिकट माती.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता बोललास तर तुला काढतील. आणि खाली कदाचित असेलही ना तांबं?" मला तेवढंच हवं होतं. खड्डा बुजवला, वर गवताची ढेकळं नीट बसवली आणि मूग गिळून गप्प बसलो.

ड्रिलने तीन ठिकाणी भोकं पाडली. तिन्हीतून साधा राखाडी खडक आला. पैसे लावणारे निघून गेले, प्रोजेक्ट बंद पडला, आम्हा सगळ्यांना नोटिसा आल्या. सीनियर म्हणाले, "जमीन कधीकधी फसवते. सही माझी होती, तू मनाला लावून घेऊ नकोस." मी मान हलवली. भित्रा मी, दुसरं काय. या वयात त्यांना आता कोण कामावर घेणार?

व्हिसाची मुदत संपत आलीय. काम सोडतेय म्हणून बायकोने वॉर्डात सांगून टाकलंय. माझ्याशी ती जेवणाखाण्यापुरतं बोलते. मी रोज अर्ज करतो, रोज नकार येतात.

मागच्या आठवड्यात सीनियरांनी न मागता शिफारसपत्र पाठवलं. त्यात लिहिलंय, या माणसाच्या नकाशावर मी डोळे झाकून सही केली, पुन्हाही करीन. पाच दिवस मी ते उघडून नुसतं वाचत होतो. काल ते अर्जाला जोडलं.