रक्ताचं देवक

“लगीन मोडलं म्हून समजा,” गोमातात्या म्हणाले. “आनि ते तुमच्या सुईनं मोडलं.”

डॉक्टरसाहेब तेव्हा तांदळाची भाकरी खात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. पोशीरच्या बाजूच्या त्या गावात आमचा मुक्काम तात्यांच्याच ओटीवर होता. तात्या भावकीत थोरले. त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. त्यांचा बिनबापाचा पुतण्या पांडू याचं लग्न तोंडावर आलं होतं. अंगणात मांडव घालून झाला होता. आमच्या सुईनं त्यात काय मोडलं, ते मला कळेना.

मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत टेक्निशियन होतो. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी अशा समाजांचे रक्तगट तपासायचा सर्व्हे डॉक्टरसाहेबांनी हाती घेतला होता. कोण कुठून आलं, पूर्वी कोण कोणात होतं, याचा माग रक्तावरून काढायचा. कवट्या मोजणाऱ्या जुन्या पंडितांवर त्यांचा विश्वास नव्हता. “डोक्याचा आकार पाळण्यातल्या उशीनंही बदलतो,” ते म्हणत, “रक्तगट मरेपर्यंत बदलत नाही.”

काम सोपं होतं. बोटाला सुई टोचायची. रक्ताचा थेंब मिठाच्या पाण्यात कालवायचा. पांढऱ्या टाइलवर दोन प्रकारच्या सीरमचे ठिपके ठेवायचे, एक ‘ए’ ओळखणारं, दुसरं ‘बी’ ओळखणारं. ज्या ठिपक्यात रक्त नासलेल्या दुधासारखे दाणे धरतं, तो त्या माणसाचा गट. दोन्हीत धरले तर एबी, कशातच नाही धरले तर ओ. सीरमला ऊन सोसत नाही. ते मेलं की सगळं जग ओ दिसायला लागतं. म्हणून ते बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवायचं आणि रोज सकाळी आधी आमच्याच रक्तावर पारखून घ्यायचं. मी ए, डॉक्टरसाहेब बी. आमच्या बोटांची चाळण झाली होती.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. एकट्या माणसाचा गट त्याच्या मुळाबद्दल काहीच सांगत नाही. ओ इंग्लंडात आहे, चीनमध्ये आहे आणि पोशीरलाही आहे. बघायचं असतं ते प्रमाण, म्हणजे या समाजात ओ किती आणि त्या समाजात किती. डॉक्टरसाहेब हे व्याख्यानात फार सुंदर सांगत. ओटीवर सांगायचं तेवढं राहून जाई. त्यातून त्यांना गट खणखणीत पुकारायची खोड. “ओ! पुढचा. बी! पुढचा.” मी टिपून घ्यायचो आणि गाव पाठ करायचं.

पहिल्या दिवशी तात्यांचा ओ निघाला. त्यांच्या थोरल्या मुलाचा, किसनचा ओ, पांडूचाही ओ. तात्यांनी मिशीवर हात फिरवला. “म्हंजे आमच्या भावकीचा ओ. ह्ये सायबांचं देवकच की रं!”

देवक म्हणजे कुळाची खूण, एखादं झाड नाहीतर वेल. ते बापाकडून येतं. एका देवकाची माणसं भाऊबहीण, त्यांच्यात सोयरीक होत नाही. तात्यांच्या घराचं देवक कळंब. ते बोलले तेव्हा सगळे हसले आणि आम्हीही हसलो.

पण गावाने ते हसण्यावारी नेलं नव्हतं. पांडूची नवरी चंद्रा खालापूर तालुक्यातली, चौक गावाजवळच्या एका खेड्यातली. तिथे आम्ही आधीच जाऊन आलो होतो. तिच्या बापाने सरकारी काम समजून घरदार रांगेत उभं केलं होतं. चंद्राचा ओ निघाला होता. ही बातमी तात्यांच्या कानावर आली, म्हणून त्यांनी लगीन मोडलं म्हटलं.

“तात्या, मुलीकडचं देवक वेगळं आहे ना? विचारूनच सोयरीक केलीत ना?” मी म्हटलं.

“देवक काय, मानूस त्वांडानं सांगतो. रगात खोटं बोलत नाय. तुमचंच सायेब बोल्ले परवा.”

डॉक्टरसाहेब तसं खरंच बोलले होते. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

दुपारी चंद्राचा बाप चालत आला. ओटीच्या कडेला टोपी काढून बसला. त्याने वाद घातला नाही. “मोडा तर मोडा,” तो म्हणाला. “पन पोरीत खोट नाय येवढं चार मानसांत सांगा. नायतर ती जलमभर माज्या घरात बसंल.”

ठरलेलं लग्न मोडलं की खापर मुलीवरच फुटतं, हे काय सांगायला हवं! मला डॉक्टरसाहेबांचा राग आला. त्यांनी खडू घेऊन भिंतीवर आकृती काढली, प्रमाण समजावलं, रक्तावरून वंश ठरवू पाहणाऱ्या जर्मनांचं उदाहरण दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ते म्हणाले, “तात्या, तुमच्या घरातली राहिलेली माणसं तपासू. दोन सख्खे भाऊ वेगळ्या गटाचे निघाले, तर हे देवक नव्हे. कबूल?”

“टोचा की. समदी ओच निगतील.”

मी डॉक्टरसाहेबांना बाजूला घेतलं. “सर, हे नको.”

“का? लॉजिक चुकतंय?”

“लॉजिक बरोबर आहे. पण भाऊ वेगळा निघाला, तर गाव आधी देवकाचा विचार करेल की आईचा?”

“आईचाही गट घेऊ,” ते म्हणाले. त्यांना ते खरंच इतकं सोपं वाटत होतं.

तात्यांचा धाकटा मुलगा बाळू नेरळला रेल्वेत होता. तो संध्याकाळी घरी आला आणि हातपाय न धुताच त्याला माझ्यापुढे बसवलं. अंगणात माणसं जमली. मी थेंब घेतला, टाइल हलवली. बीच्या ठिपक्यात दाणे धरले.

“बी!” डॉक्टरसाहेबांनी सवयीने पुकारलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग एकेक मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. तिथे तात्यांची बायको हिराकाकी उभी होती.

“परत बगा,” तात्या म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं. सीरम ठीक आहे ना म्हणून माझं आणि डॉक्टरसाहेबांचं बोटही टोचलं. सीरम जिवंत होतं. बाळू बीच होता. तो कुणाकडेच बघत नव्हता.

गावातल्या बायांनी तोवर आम्हाला बोट दिलं नव्हतं. काकी पदराला हात पुसत पुढे आल्या. “माजं घ्या.”

“तू आत जा गं,” तात्या म्हणाले.

“आत जाऊन काय करू? भायेर माजंच चाललंय.”

मी सुई टोचली. पुढे कित्येक वर्षं मी हॉस्पिटलात, पेशंट टेबलावर असताना, रक्त जुळवून दिलं. तेव्हाही इतकी भीती मला वाटली नाही. आईबाप दोघे ओ असले तर मूल बी होत नाही. काकींचा ओ निघाला असता तर त्या बाईचं काय झालं असतं, याचा विचार करतच मी टाइल हलवत होतो. आधी काहीच दिसेना. मग एका बाजूने बारीक दाणे सुटले. बीच्याच ठिपक्यात.

डॉक्टरसाहेबांनी तोंड उघडलं. मी हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश म्हणालो, “काकींचा बी. बाळूचा बी आईकडून आलाय.”

“आयकडनं येतं ह्ये?” काकींनी विचारलं.

“आईकडूनही येतं, बापाकडूनही.”

काकी तात्यांकडे वळल्या. “आवो, मंग ह्ये देवक कसं? देवक कवा आयचं मिळालंय पोरान्ला? का बाळूला आता माज्या म्हायेरचं देवक लावनार?”

तात्या टाइलकडे बघत राहिले. एक तर हे अक्षर देवक नव्हे, नाहीतर पोटचा पोरगा त्यांच्या देवकाचा नव्हे. त्यांना ठरवायला फार वेळ लागला नाही.

“सुईला काय कळतंय देवकातलं!” हे आपण पहिल्यापासूनच सांगत होतो, अशा थाटात ते म्हणाले. मग चंद्राच्या बापाला म्हणाले, “व्याही, भायेर का बसलाव? जेवून जावा.”

लग्न ठरल्या दिवशी लागलं. आम्ही जेवून निघालो. काकी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मला एकट्याला म्हणाल्या, “तवा मी टायलीकडं बगतच नवते. तुमच्या हाताकडं बगत व्हते. कापत व्हता.”

मी तांब्या हातात घेतला.

“माजं मला म्हाईत व्हतं,” त्या म्हणाल्या. “तुमाला नवतं.”

त्या दिवसापासून डॉक्टरसाहेबांनी गट पुकारणं बंद केलं. रिपोर्टात त्या घराचा फारसा उपयोग झाला नाही. एकाच घरातली माणसं धरली तर प्रमाण बिघडतं, म्हणून दोन्ही पोरं गाळली. काकींचं माहेर खालापूरकडचं, त्यांना तिकडच्या आकड्यांत टाकलं. रिपोर्ट चांगला झाला, असं ऐकलं.

मी इतकंच शिकलो. एका थेंबावरून माणसाचं मूळ सांगता येत नाही. सांगायला कुणी बसलंच, तर आधी घरातल्या बाईला बोट पुढे करावं लागतं.