ट्रेलरमधली चौथी जागा

"वर्षातला एक आठवडा ही गाडी शहाणी असते, बाकीचे दिवस मी वेडा." व्हर्लिन हाउग्रुद असं एकदा म्हणाला होता. टोरडालच्या पेट्रोल पंपावर, कॉफीच्या टेबलाशी, कोणी काही विचारलेलं नसताना. गेलन स्टेन्सरुद तेव्हा शेजारी बसला होता. व्हर्लिन आपणहून बोलला असे प्रसंग त्याला फार आठवत नाहीत, म्हणून हे वाक्य लक्षात राहिलं.

टोरडालला उंच म्हणावं असं दोनच: धान्याचं कोठार आणि हिवाळ्यात साखर कारखान्याच्या आवारात रचलेला बिटाचा ढीग. बाकी नॉर्थ डकोटाची ती जमीन परातीसारखी, आणि तिच्यावरचा बर्फ वाऱ्याने घासून फरशीसारखा कडक झालेला. अशा गावात व्हर्लिनने डोंगरात चालवायची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पट्ट्याने धावणारी गाडी, घेतली. लांबलचक पट्टा, त्याला बोटाएवढे रबरी दात. खोल, भुसभुशीत बर्फात पोहत वर चढण्यासाठी घडवलेली गाडी. गेलन, मायरन आणि लरॉय यांच्याकडेही तशी होतीच, पण त्यांच्याकडे सपाटीसाठी आखूड पट्ट्याची दुसरी होती. व्हर्लिनकडे एवढी एकच.

ही गाडी बर्फानेच गार राहते. पट्ट्याने उडवलेला भुगा पोटाखालच्या नळ्यांवर पडला पाहिजे. फरशीवर भुगा कुठला उडणार? इंजिन तापतं. म्हणून खाली दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या तारा लावतात. त्या बर्फ खरवडत, धूळ उडवत जातात. गावात त्यांना नखं म्हणतात. व्हर्लिन नखं खाली सोडून रस्त्याकडेच्या चरातून गाडी चालवायचा, आणि तरीही थोडं अंतर गेलं की कुठल्यातरी मऊ ढिगात तिचं नाक खुपसून, ती निवेपर्यंत शेजारी उभा राहायचा. रस्त्यावरून जाणारा ट्रकवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. व्हर्लिनही एक बोट उचलायचा.

लरॉय धान्याच्या कोठारावर कामाला. चेष्टा करणं हे त्याचं दुसरं काम. "काय व्हर्लिन, बोटीला पाणी सापडलं का?" तो विचारायचा. किंवा, "बिटाच्या ढिगावर चढव की एकदा. वास येतो, पण चढ आहे." व्हर्लिन म्हणायचा, "बघतो." त्याची बायको बर्नेट चर्चच्या तळघरात चारचौघींत सांगायची की दुसऱ्या बायका नवऱ्याच्या बाटल्या लपवतात, मी डोंगरांचे नकाशे लपवते. बायका हसायच्या. दर फेब्रुवारीत ती स्वतःच ते नकाशे काढून त्याच्या पिशवीत ठेवायची.

फेब्रुवारीतला तो आठवडा चौघांचा. गेलनच्या बंद ट्रेलरमध्ये चार गाड्या मावतात. त्या चढवायच्या आणि पश्चिमेला, मोंटानाच्या डोंगरात जायचं. ट्रेलरमध्ये पुढची डावी जागा व्हर्लिनची. तिथल्या फळ्यांवर त्याच्या पट्ट्याच्या दातांनी इतक्या वर्षांत खळगे पाडले होते. दुसरी गाडी तिथे लावली तर ती डुगडुगली असती.

बर्नेट बीट काढणीच्या दिवसांत गेली. तिला पुरून आल्यावर संध्याकाळी व्हर्लिन बिटाच्या ट्रकवर हजर झाला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. काढणी सुरू होती. घरी बसून तरी काय केलं असतं? रडला नाही, त्याचंही कोणाला काही वाटलं नाही. त्याच्या बापालाही कोणी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत चौघं नेहमीसारखे गेले. तिसऱ्या प्रहरी एका उतारावरून बर्फाचा थर सुटला आणि मायरन त्याखाली गेला. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. प्रत्येकाच्या छातीला बीकन, म्हणजे सतत इशारा सोडणारं छोटं यंत्र, बांधलेला असतो. तो शोधावर लावायचा, त्याच्या आवाजामागे पळायचं, लांब सळई खुपसायची, लागली की फावडी चालवायची. गेलन पळाला, लरॉय पळाला. व्हर्लिनने बीकन शोधावर लावला आणि तो हातात धरून, घड्याळात किती वाजले ते बघावं तसा, त्याच्याकडे बघत उभा राहिला. बीकन वाजत होता. मागे त्याची गाडी चालूच होती. गेलनने हाक मारली. मग पुन्हा मारली. मग हाक मारायला वेळ नव्हता.

दोघांनी मायरनला काढलं. चेहरा शिशासारखा झाला होता. तोंडातला बर्फ थुंकून त्याने पहिल्यांदा आपली टोपी कुठे आहे ते विचारलं. परतीच्या वाटेवर चौघं रस्त्याबद्दल बोलले, डिझेलबद्दल बोलले. एका धाब्यावर थांबून सूप प्यायले. पुढे वर्षभर त्या दुपारचा शब्दही कोणी काढला नाही. गेलनला वाटायचं, आपण काढावा. मग वाटायचं, व्हर्लिन काढेल. व्हर्लिन चरातून गाडी चालवत राहिला.

मग या जानेवारीत मायरन गेलनच्या शेडमध्ये आला. बराच वेळ ट्रॅक्टरच्या टायरला टेकून उभा राहिला. त्याच्या जावयालाही डोंगर बघायचा आहे, असं त्याने सांगितलं. जागा चारच आहेत हे गेलनने सांगायची गरज नव्हती.

"मला त्याचा राग नाही, गेलन," मायरन म्हणाला. "पण मी खाली असताना वर कोण आहे, हे मला माहीत असायला हवं."

व्हर्लिनला सांगायचं काम गेलनवर आलं, कारण ट्रेलर त्याचा. तो बरेचदा फोनपाशी गेला आणि हवामानाचा नंबर फिरवून, तेवढंच ऐकून परत आला.

जायच्या आधी एका शनिवारी चौघांचा सराव असतो. गेलनच्या घरामागच्या झाडांच्या रांगेशी वाऱ्याने बर्फ साचतो. तिथे एक जुना बीकन पोत्यात घालून पुरायचा आणि शोधायचा. त्या पोत्याला ते पाद्रीबुवा म्हणतात. येऊ नकोस असं सांगणं गेलनला जमलं नव्हतं, त्यामुळे त्या शनिवारी व्हर्लिनही आला. चरातून, नखं खाली सोडून. मायरनने जावयाला आणलं नव्हतं.

"आज पाद्रीबुवा फार खोल आहेत," लरॉय म्हणाला. "प्रवचन लांबलं होतं, मी सूड घेतलाय."

बीकन शोधावर लागले आणि व्हर्लिन पळाला. तो इतक्या वेगाने पळू शकतो हे गेलनला माहीत नव्हतं. वाकून, बीकन बर्फाला जवळजवळ टेकवून त्याने एक रेघ धरली, ती मोडली, दुसरी धरली. सळई एकदाच खुपसली आणि ती लागली. मग फावडं. शेवटी फावडं टाकून हातांनीच. पोतं वर आलं तेव्हा गेलन आणि मायरन अजून अर्ध्या वाटेवर होते. व्हर्लिनच्या एका हातावरचा मोजा निसटला होता आणि बोटं लाल झाली होती. त्याने पोतं छातीशी धरलं होतं. ते खाली ठेवायचं आहे हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

तो घरी, एकट्याने, हा सराव करत आला असणार. वर्षभर, स्वतःच पुरून आणि स्वतःच शोधून. गेलनला ते कळलं. कळून आत काही हललं नाही. फक्त पाय गार पडले होते.

"बरं केलंस," मायरन म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं होतं. पण पोतं ते पोतं.

आत गेलनच्या बायकोने, आर्डिसने, कॉफी आणि ओट्स-चॉकलेटच्या वड्यांचा ट्रे ठेवला होता. ती स्वतः शेजारणीकडे गेली होती. आज व्हर्लिनला काय सांगायचंय ते तिला ठाऊक होतं. चौघं बसले. बोलणं वाऱ्याकडे वळलं, मग लरॉयच्या दुखऱ्या गुडघ्याकडे. वड्या संपत आल्या आणि ट्रेमध्ये एक राहिली.

टोरडालमध्ये शेवटची वडी कोणी घेत नाही. ज्याला हवी तो सुरीने ती अर्धी करतो आणि उरलेली अर्धी ठेवतो. दुसरा त्या अर्धीची अर्धी करतो. शेवटी नखाएवढा तुकडा उरतो आणि तो घरची बाई कुत्र्याला घालते. अख्खी वडी फक्त एकाच वेळी देतात: मयताच्या दिवशी, चर्चच्या तळघरात, ज्याचं माणूस गेलंय त्याच्या बशीत. बर्नेटच्या दिवशी व्हर्लिनच्या बशीत अशीच ठेवली होती. तो ती खाऊन ट्रकवर गेला होता.

व्हर्लिनने कॉफीचा कप खाली ठेवला.

"माझी गाडी कधी आणू चढवायला? बुधवारी की निघायच्या आदल्या दिवशी?"

लरॉयने खिडकीबाहेर बघितलं. मायरनने सुरी उचलली आणि हातात नुसतीच धरली. गेलनने हे वाक्य शेडमध्ये, ट्रॅक्टरवर, अंथरुणात किती वेळा जुळवलं होतं. आता त्यातलं जे सापडलं ते निघालं.

"मायरनचा जावई म्हणतोय, त्याला एकदा डोंगर बघायचाय."

"असं का," व्हर्लिन म्हणाला.

"हो. त्याच्याकडे गाडीपण आहे."

"चांगलं आहे."

"पुढच्या वर्षी बघू मग, व्हर्लिन. वर्ष काय, येतंच."

व्हर्लिनने मान हलवली. गेलनला हे सहन झालं नाही. काहीतरी द्यावं, आता, लगेच द्यावं, एवढंच त्याला सुचलं, आणि जवळ जे होतं त्याच्याकडे हात गेला. त्याने ट्रे सरकवला. शेवटच्या अख्ख्या वडीसकट, थेट व्हर्लिनपुढे.

"घे. संपव तू."

ट्रे टेबलावरून घासत गेला तो आवाज तिघांनी ऐकला. तो थांबल्यावर गेलनला आपण काय केलं ते कळलं. मायरनने सुरी हळूच पुढे केली, मूठ व्हर्लिनकडे करून. अर्धी कर, म्हणजे निदान ही तरी नेहमीची वडी होईल, असं त्याला म्हणायचं असावं.

व्हर्लिनने सुरीकडे बघितलं. मग वडीकडे. चेहऱ्यावर काही नव्हतं. डोंगरात बीकनकडे बघत होता तेव्हाही काही नव्हतं. लाल पडलेली बोटं टेबलाच्या कडेवर होती आणि ती आता पुन्हा पांढरी होत होती.

बाहेर वारा सुटला होता. झाडांच्या रांगेशी काढलेला खड्डा भरत चालला असणार. व्हर्लिन उठला. खुर्ची टेबलाखाली सरकवली, जशी तो नेहमी सरकवायचा. कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. छातीवरचा बीकन अजून चालू होता. त्याने तो बंद केला, पट्टा सोडवला आणि खुंटीवर इतर तिघांच्या बीकनांशेजारी अडकवला. मोजा एकच सापडला. तो घालून दार उघडलं, आणि बाहेर गेला.