पाणी ओलांडलेला बोका

माझं माहेर तारकर्लीचं. घराच्या मागे माड, पुढे वाळू आणि वाळूवर मांजरं. होड्या किनाऱ्याला लागल्या की ही मांजरं शेपट्या वर करून निघायची, जसा काही मासळीत त्यांचाही वाटा ठरलेला होता. बांगड्याचं एक डोकं टाकलं की वाटेल ते मांजर मांडीवर येऊन बसे. त्यामुळे मांजर या जातीविषयी आपल्याला सगळं कळतं, असा माझा लहानपणापासूनचा समज होता. साठ साल उजाडायच्या थोडं आधी माझं लग्न झालं, कट्टा गावाच्या पलीकडच्या एका गावात मी नांदायला गेले, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो समज खोटा ठरला.

सासरचं घर गावाच्या टोकाला होतं. पुढच्या अंगणाच्या, म्हणजे खळ्याच्या, कडेने चिऱ्यांचा बुटका गडगा, गडग्यापलीकडे काजू, आणि काजू कुठे संपतात नि रान कुठे सुरू होतं ते कुणालाच सांगता येत नसे. नवरा मुंबईला गिरणीत. हळद पुरती उतरायच्या आत तो मालवणला जाऊन बोटीत बसला, आणि घरात उरलो मी, सासूबाई, गुरं, कोंबड्या आणि एक भुरी मांजरी. शेजारीच चुलत सासऱ्यांचं, म्हणजे सासूबाईंच्या भावजींचं, घर होतं. आमच्या घरातली पुरुषमाणसाची कामं ते करायचे, आणि पुरुषमाणसाने बोलायचं तेही तेच बोलायचे. त्यांच्यासमोर मी पदर सावरून दाराआड उभी राही. सुनेने चुलत सासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती.

ती भुरी मांजरी उन्हाळ्यात रानात जाऊन आली होती. गावातला एकही बोका तिच्या पसंतीस उतरला नसावा. मांजरीण पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. हिने किती फिरवली देव जाणे, पण पाऊस सुरू झाल्यावर ती गोठ्याच्या माळ्यावर स्थिरावली तेव्हा तोंडात एकच पिल्लू उरलं होतं. बाकीची कोल्ह्याने नेली की सापाने, कळलं नाही. उरलेलं पिल्लू बघून सासूबाई म्हणाल्या, "ह्याचो बापूस रानातलो. पाय बघ केदे लांब ते."

पाय लांब होतेच. कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुबके होते, शेपटी इतर मांजरांपेक्षा आखूड आणि तिच्यावर काळी कडी. रंग वाळलेल्या गवताचा. गवतात बसला की नुसते डोळे दिसत. मला तो बघताक्षणी आवडला. नव्या घरात माझं असं काहीच नव्हतं. भांडीसुद्धा सासूबाईंच्या हाताला सवयीची, माझ्या हातून पडायची. म्हटलं, हे पिल्लू आपलं.

मग मी माहेरचं शहाणपण वापरलं. कोळणीकडून घेतलेल्या बांगड्यांतलं एक डोकं बाजूला काढलं, गोठ्याच्या दाराशी ठेवलं आणि प्रेमाने हाका मारत बसले. पिल्लू माळ्यावरून बघत राहिलं. डोकं मुंग्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, ठेवली, ती त्याच्या आईने खाल्ली. मी शिडी लावून वर चढले आणि त्याला उचलायला गेले, तर एवढंसं जनावर, पण त्याने असा फूत्कार टाकला की मी शिडीसकट खाली येता येता वाचले.

सासूबाई खाली गोठ्यातलं शेण भरत होत्या. त्या हसून हसून बेजार झाल्या. "तारकर्लीची मांजरा भिकारी गो," म्हणाल्या. "ह्यो रानचो. ह्येका मागूक येणा नाय."

मला राग आला. माझ्या माहेरच्या मांजरांना कोणी भिकारी म्हटलेलं मी अजूनही ऐकून घेत नाही. पण बोलणं खरं होतं. त्याला मासे आवडत नव्हते असं नाही, आयते आवडत नव्हते. पावसाळ्यात शेताच्या बाजूने व्हाळ वाहायचा. मांजर पाण्याला भितं हे जगाला ठाऊक, पण आमचा हा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून तासन्‌तास बेडकांवर नि मळवे नावाच्या बारक्या माशांवर टपलेला असे. पंजा मारला की मासा काठावर. एकदा व्हाळ भरून वाहत असताना तो ह्या काठावरून त्या काठावर पोहून गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "खंयचा तरी पाणमांजर बघलंस असतला."

त्याला समजून घ्यायला मला वर्ष लागलं. मला जे कळलं ते हळूहळू आणि बरंचसं ओरखडे खाऊन कळलं. त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. ते त्याला भांडणाचं आवतण वाटतं. वरून हात न्यायचा नाही, कारण वरून येतो तो घारीचा पंजा. हाक मारली की तो येत नसे, हाक मारायची थांबवली की येत असे. तो कधी म्याव करत नव्हता. खूश असला की घशातून पाखरासारखा बारीक आवाज काढायचा, आणि त्याचे कान त्याच्या आधी बोलायचे. कान मागे गेले की आपण उठून आपल्या कामाला लागायचं. मी पडवीत तांदूळ निवडत बसले की तो गडग्यावर येऊन बसे. मी त्याच्याकडे न बघता सावकाश डोळे मिटायचे नि उघडायचे. पुष्कळ दिवसांनी एकदा त्यानेही तसेच मिटले. मला इतका आनंद झाला की निवडलेले खडे मी परत तांदळात टाकले.

मग एका दुपारी तो खाली उतरला, माझ्या घोट्याला कपाळ टेकवलं आणि निघून गेला. एवढंच. त्या घरात आल्यापासून आपणहून मला कोणी शिवलं नव्हतं, ते त्याने केलं. मी पदरात तोंड खुपसून रडले. सासूबाईंनी विचारलं, "काय झाला गो?" मी म्हटलं, डोळ्यात कोंडा गेला.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या चवथीला नवरा आला आणि गेला, आणि भात कापून झालं तोवर मला दिवस गेल्याचं नक्की झालं. मला फार त्रास व्हायचा. भाताचा वास नको, माशाचा तर त्याहून नको. मी माजघरात चटई टाकून पडून असायची. बोका एव्हाना चांगला थोराड झाला होता. तो माजघराच्या मागच्या दाराशी यायचा, उंबऱ्याबाहेर बसायचा, बघायचा आणि जायचा. एकदा त्याने उंबऱ्यावर उंदीर ठेवला. एकदा बेडूक. मला बघूनच मळमळायचं. सासूबाई शिव्या देत ते झाडूने बाहेर लोटायच्या.

त्या दिवसांत आमच्याकडे राखणीची तयारी चालली होती. आमच्या भागात घराची, गुरांची, परगावी गेलेल्या माणसांची राखण करणारा राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा असतो. तो कोंबडा पिल्लू असल्यापासून त्याच्या नावाने सोडलेला असतो. तो विकायचा नाही, बदलायचा नाही. सासूबाईंनी लाल तुऱ्याचा एक झकास कोंबडा ठेवला होता. त्याच्या जिवावर त्यांचा मुलगा मुंबईत सुखरूप होता, असं त्या मानायच्या.

राखण तोंडावर आली आणि एका सकाळी तो कोंबडा माझ्या उंबऱ्यावर मरून पडलेला सापडला. शेजारी बोका बसला होता. पळाला नाही, लपला नाही. माझ्याकडे बघून त्याने डोळे मिटले.

सासूबाई खालीच बसल्या. त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त मुंबईतला मुलगा दिसत होता. चुलत सासरे धावत आले. "रानचो तो रानचोच," ते म्हणाले. "आजच्या आज खाडीपलीकडे सोडून येतंय. पाणी ओलांडलेला मांजार परत येणा नाय."

ही आमच्याकडची जुनी खात्रीची रीत. नकोसं झालेलं मांजर गोणीत घालायचं, होडीने खाडी पार करायची, पलीकडे सोडायचं. मला ओरडून सांगायचं होतं की नका नेऊ. पण मी दाराआड उभी होते आणि तोंड उघडायची रीत नव्हती. त्यांनी त्याच्यावर कोंबड्या झाकायचा विणलेला झाप टाकला. त्याला गोणीत कोंबेपर्यंत त्यांचा हात कोपरापर्यंत फाटला. गोण खांद्यावर टाकून ते गेले, आणि गोणीतून एकदाही आवाज आला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुपारी सासूबाई कोंबडा पुरायला उचलून नेत होत्या. मध्येच त्या थांबल्या. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि माझ्याकडे आल्या.

"मानेर दोन दात लागलेत," म्हणाल्या. "बाकी खंयच तोंड लावूक नाय तेना. मग मारल्यान कित्याक?"



"मांजरीण पोरांका शिकार हाडून देता ना, तसा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तू उंदीर खावक नाय, बेडूक खावक नाय. म्हणान कोंबडो हाडल्यान. तुका जेवक घालूक बघी होतो गो तो." आणि मग त्या हमसून हमसून रडायला लागल्या. सासूला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही दोघी त्या मेलेल्या कोंबड्याच्या दोन बाजूंना बसून रडलो.

बोक्याच्या मनात खरंच तसं होतं का, मला आजही सांगता येणार नाही. सासूबाईंना मात्र शंका नव्हती. त्या दिवशी त्यांनी मला पेज करून दिली आणि समोर बसून संपवायला लावली. मी संपवली.

त्यानंतर त्या रोज सकाळी काजूंच्या बाजूला जाऊन उभ्या राहत. कशाला गेला होता विचारलं तर म्हणत, "काटक्या बघूक." हात रिकामे असत.

राखणीच्या आदल्या दिवशी मी पडवीत बसले होते. सासूबाई बाहेरून हलक्या आवाजात म्हणाल्या, "उठू नको. गडग्यार बघ." तो बसला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालेला, आणि पोटापर्यंत खाडीचा काळा चिखल वाळून पापुद्रे धरलेला. पाणी ओलांडून आला होता. मी डोळे मिटले आणि उघडले. त्याने मिटले नाहीत. खळ्यात उतरलाही नाही. थोड्या वेळाने पाठ फिरवून रानात गेला. सासूबाई म्हणाल्या, "गोण विसराक नाय तो. आता भावजींका कळला तर परत नेतले."

राखणीला शेजारच्या वाडीतून दुसरा कोंबडा आणला. राखणदाराचं ठिकाण काजूंच्या पलीकडे, एका जुन्या किंजळीच्या झाडाच्या मुळाशी. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे लांब उभ्या. चुलत सासरे हाताला फडकं गुंडाळून पुढे झाले आणि त्यांनी गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घालायला सुरुवात केली. ते एकेक वाक्य बोलत आणि बाकीचे पुरुष एका सुरात होकार देत.

"बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी तुझो मान तुका दिलेलो आसा, तो मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैक गेलेल्या झिलाची राखण कर. सुनेचा बाळंतपण सुखरूप होवंदे."

"व्हय म्हाराजा!"

"गोरवांची, वासरांची, घरातल्या सगळ्या जीवांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते कोंबड्याकडे वळले तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "भावजी, एक ऱ्हवला."

सगळे वळले. बायकांनी मध्ये बोलायची ही जागा नव्हती.

"तो बोको परत इलोसा," सासूबाई म्हणाल्या. "तेचाय गाऱ्हाणा घाला."

"रानमांजराचा गाऱ्हाणा?" चुलत सासरे म्हणाले. "वहिनी, तेना देवाचो कोंबडो मारल्यान."

"माझ्या सुनेसाठी मारल्यान," सासूबाई म्हणाल्या. "तेचो दंड माका होवंदे. देवाच्या समोर तेका घरातलो म्हणा, म्हणजे मगे कोण तेका गोणीत घालूचो नाय."

चुलत सासऱ्यांनी आपल्या हाताच्या फडक्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मग ते किंजळीकडे वळले आणि खाकरले.

"आणि रानातसून इलेलो एक बोको आसा, म्हाराजा. तो ह्या घरातलो आसा. तो रानात ऱ्हवांदे, घरात ऱ्हवांदे, खंयय ऱ्हवांदे. तेची राखण कर रे म्हाराजा."

पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. कोणाच्या तोंडून होकार निघेना. मग "व्हय म्हाराजा" असा आवाज झाला. तो माझा होता. त्या गावात सगळ्यांना ऐकू जाईल असं मी पहिल्यांदा बोलले ते तेवढंच.