सहीआधीची बत्तीस पानं

कुणी फ्रँचायझी घेतली म्हटलं की पेढ्यांच्या आधी किस्से वाटले जातात. आमच्या कॉलेज रोडच्या बिल्डिंगमध्ये दोघींनीच ढीगभर जमवलेत: एक आइस्क्रीमवाली सुनंदा, आणि दुसरी मी, प्ले-ग्रुपची फ्रँचायझी घेऊ की नको करत महिनाभर घरातल्या घरात फेऱ्या मारणारी.

*

सुनंदाच्या करारात होतं, नाशिक महापालिका हद्दीत कंपनीचं दुसरं दुकान निघणार नाही. ही खूश. सहा महिन्यांत देवळाली कॅम्पला दुकान निघालं. हिने तडक मुंबईला कंपनीत फोन लावला.

"मॅडम, देवळाली कॅम्प कॅन्टोन्मेंटमध्ये येतं, महापालिकेत नाही."

"पण तिथली गिऱ्हाइकं माझ्याकडे यायची ना!"

"ते करारात नाही, मॅडम."

*

करारात काय होतं, तर येणाऱ्या प्रत्येकाचं इंग्रजीत स्वागत. सायखेड्याचे एक आजोबा नातीला घेऊन आले. सुनंदाने पाठ केलेलं म्हटलं, "हाऊ मे आय हेल्प यू?"

आजोबा म्हणाले, "ते राहू द्या ताई, आधी पंखा लावा. लय गरम होतंय."

*

हे ऐकून मी माझ्या कराराची बत्तीस पानं वाचायला घेतली. दुपारी, लेकीला मांडीवर घेऊन, मोठ्याने. ती दुसऱ्या पानावर झोपली. मी अकराव्या पानावर खडबडून जागी झाले. प्ले-ग्रुप बंद पडला तर पुढची तीन वर्षं नाशिकमध्ये लहान मुलांना शिकवायचं नाही! मला तर दुसरं काही येतच नाही. आणि शाळेतल्या नोकरीचा राजीनामा पर्समध्ये तयार.

"अगं, स्टँडर्ड फॉरमॅट असतो," नवरा म्हणाला.

"वाचलास?"

"स्टँडर्ड असतो म्हटलं ना."

*

शेवटी कंपनीचे साहेब घरी आले. पोहे झाले, चहा झाला, फाइल उघडली. सासरे कोपऱ्यात पेपर वाचत होते. मी धीर करून अकरावं पान पुढे केलं. "बंद करायची वेळ आली तर?"

साहेब हसले. "मॅडम, लग्न ठरवताना कुणी घटस्फोटाचं विचारतं का?"

मी ओशाळले आणि पेन उचललं. सासूबाई कपबशा गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही विचारत. म्हणून तर मी चाळीस वर्षं इथे आहे."

मी पेनाला टोपण लावलं. सासऱ्यांनी पेपर आणखी वर धरला.