शेवगावची बाई

परवा, गुरुवारी, एका बाईंनी मला साधाच प्रश्न विचारला... तेव्हापासून घास गोड लागत नाही.

मी नगरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. दर गुरुवारी, कुणाला मनातलं बोलायचं असेल तर ऐकायला बसते. घोडेगावहून एक बाई एस.टी.नं येतात. घरी बैलांचा व्यापार. बैल सुटून एखाद्या लेकराला तुडवील या धास्तीनं त्या दिवसभर गोठ्यात जाऊन दाव्याची गाठ चाचपतात... चुलीवरची भाकरी करपते.

आमच्या जिल्ह्यात मानसशास्त्राच्या शिक्षकांचं एक मंडळ नुकतंच निघालंय. नव्या सभासदानं पहिल्या बैठकीत एक केस मांडायची, अशी पद्धत. नाव-गाव बदलायचं, हा नियम. तो मी काटेकोर पाळला... नाव बदललं, घोडेगावचं शेवगाव केलं, पुन्हा पुन्हा तपासलं.

बोलता बोलता मात्र मी हवेत गाठ चाचपून दाखवली. हॉलमध्ये हशा पिकला. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं...

बैठकीला आसपासचे शाळामास्तरही बोलावले होते. त्यांत या बाईंचे दीर होते, हे मला माहीत नव्हतं.

परवा बाई हसतच आल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, आमचं भावजी सांगत हुतं, शेवगावात एक हाय म्हनं माज्यासारकीच. ती बी गाठ चाचपती." मग जवळ सरकून म्हणाल्या, "मला वाटायचं मी एकलीच खुळी. तिला भेटवा की. मी जाते शेवगावला, शेंगाची चटनी घिऊन."

शाळेत जाण्याआधी मला दादांनी, माझ्या वडिलांनी, घरीच शिकवलं. त्यांची ताकीद असे, ज्याच्याबद्दल बोलशील तो दारात उभा आहे असं समजून बोल. इथे तर त्या समोरच बसल्या होत्या...

'बघते' म्हणून वेळ मारून नेता आली असती. शेवटी म्हटलं, "बाई, शेवगावात कुणी नाही. त्या तुम्हीच."

हसू थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं. बोटं पदराचं टोक चाचपू लागली.

"म्हंजी मी एकलीच." मग हळूच, "लोक हसले व्हय?"

"हसले."

"भावजी बी?"

ते मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.

त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तिचं नाव काय ठिवलं हुतं?"

"विमल."

"चांगलं हाय," म्हणाल्या आणि गेल्या.

मंडळाचा एकही नियम मी मोडलेला नाही, त्यामुळे तिथे मला कुणी काही बोलणार नाही. बाईंना आधी विचारायचं मात्र राहिलं... इतके दिवस माझ्याच्यानं जे झालं नाही, ते त्या शेवगावच्या बाईनं केलं होतं. आणि तीही मीच काढून घेतली.

येत्या गुरुवारी खोली उघडून बसणार आहे. त्या आल्या तर उपकार त्यांचे.